बिगूलवाल्याचा उजवा हात

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. ही बढाई नाही, मला पगारच त्याचा मिळतो! कौन्सिलच्या वतीने मी मुलांच्या बागा तपासते. घसरगुंडीचा कुठला स्क्रू ढिला झालाय, झोपाळ्याच्या साखळीत कुठे बोट चिमटेल, हे मला फाटकातूनच दिसतं. एकदा तर मी एक सी-सॉ नुसत्या आवाजावरून बंद करायला लावला होता. अशा बाईला मूल झाल्यावर तिच्या घराचं काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. गॅरेथला चहाचा कप ठेवायला आमच्या घरात आता फ्रिजचं डोकं तेवढं उरलंय!

विनी घरभर रांगायला लागली आणि माझी रजा संपत आली. बाकीचे दिवस पाळणाघर ठरलं. उरला सोमवार. सोमवारी तिथे जागाच नव्हती.

"डॅड आहेत की," गॅरेथ म्हणाला.

"डॅड आहेत," मी म्हणाले, "आणि त्यांच्या घरात शिसंही आहे."

क्लाइव्ह, म्हणजे माझे सासरे, निवृत्त दंतवैद्य. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. थरथरतं ड्रिल बघून माणसं खुर्चीतूनच उठून जायची, आणि त्यात माणसांची काही चूक नव्हती. सासूबाई गेल्यापासून नॉटिंगहॅमच्या टोकाला असलेल्या त्या घरात ते एकटेच राहतात. एकटे म्हणजे, एका अख्ख्या सैन्यासह. तरुणपणापासून त्यांनी धातूचे चिमुकले सैनिक विकत घेऊन बुटांच्या खोक्यांत भरून ठेवले होते. अंगठ्याच्या पेराएवढा एकेक माणूस. घोडा वेगळा, स्वार वेगळा, हात वेगळे. सगळं सुटं, करड्या रंगाचं आणि जुन्या काळचं, म्हणजे चक्क शिशाचं! निवृत्त झालो की निवांत जोडीन, रंगवीन आणि क्लबात टेबलावर खेळतात त्या लढायांत उतरवीन, असा त्यांचा बेत होता. निवृत्ती आली ती हातांचा थरकाप घेऊनच. माणसाने जन्मभर टॉफी राखून ठेवावी आणि खायच्या वेळी दात पडावेत, तसं झालं!

तर अशा घरात माझी विनी सोमवारभर राहणार होती. थरथरत्या हातांत. शिशाच्या डोंगराशेजारी.

मी बेत आखला. मदत करायच्या मिषाने जायचं आणि दिवसभर बारीक लक्ष ठेवायचं. बागेची तपासणी करते तशीच, फक्त हातात क्लिपबोर्ड नाही एवढंच.

"क्लाइव्ह, तुमचे ते घोडेस्वार जोडायला मी येऊ का?" मी फोनवर अगदी साळसूदपणे विचारलं. "माझे हात स्थिर आहेत."



"तू मला तपासायला येतेयस ना, पिपा?"

"छे! भलतंच काय!"

"ये. काय तपासायचं ते तपास. येताना पेपरक्लिपा आण, माझ्याकडच्या संपल्यात."

गेले. आणि खरं सांगते, पहिल्या तासाभरात मला बोट ठेवायला जागा सापडेना! विजेच्या प्लगांना झाकणं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. ओट्याखालच्या कपाटाला कुलूप. आणि सैनिकांच्या खोलीच्या दाराला चक्क नवंकोरं लाकडी गेट, मुलं पडू नयेत म्हणून जिन्याला लावतात तसं. मी ते धरून गदागदा हलवलं. जागचं हललं नाही.

"या खोलीत विनी येणार नाही," क्लाइव्ह म्हणाले. "माझा नियम आहे. सोमवारी तर हे गेट उघडणारसुद्धा नाही मी. सोमवार तिचा."

बोलताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. पाहुण्यांसमोर ते तसेच धरतात. त्यांनी सोमवारची चर्चमधली गाण्याची तालीमसुद्धा सोडली होती, हे मला गॅरेथकडून कळलं होतं. माझ्या होकाराआधीच! मला जरा कसंतरी झालं. पण तपासणी म्हणजे तपासणी. कसंतरी होऊन घसरगुंडी पास करता येत नाही.

विनी बाबागाडीत झोपली होती. तिला बाहेरच्या खोलीत, मला दिसेल अशी ठेवली आणि आम्ही कामाला बसलो.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठी लढाई होती. क्लाइव्हचा दोस्त मर्व्हिन दुपारी येऊन स्वार घेऊन जाणार, रंगवणार आणि शनिवारी ते फ्रेंचांच्या बाजूने चौखूर उधळणार, असं ठरलं होतं. हे सारं आता माझ्या स्थिर हातांवर अवलंबून होतं.

"आधी आंघोळ," क्लाइव्ह म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात टूथब्रश दिला. "साच्यातली पावडर अंगाला असते, तिच्यावर गोंद धरत नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश. हिरड्यांना जपून!"

"सैनिकांना हिरड्या कुठल्या?"

"सवय, बदका, सवय."

इथे बसच्या ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत जो तो समोरच्याला लाडाने बदक म्हणतो, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. आंघोळ झाली. मग साच्याची शिवण कानशीने घासली. मग हाताने फिरवायच्या इवल्याशा ड्रिलने खांद्यात भोक पाडलं, हातात भोक पाडलं आणि मध्ये पेपरक्लिपेची तार बसवली, म्हणजे जोड पक्का. मग सुपरग्लूचा थेंब. मग धरून बसायचं.

"श्वाससुद्धा जपून," क्लाइव्ह म्हणाले. "आणि गोंदाचं एक लक्षात ठेव. त्याला धातूपेक्षा माणसाची कातडी जास्त आवडते."

"माझं रसायनशास्त्र चांगलं होतं, क्लाइव्ह."

"गोंदाला ते माहीत नाही."

पहिले काही स्वार मी असे झोकात जोडले की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. मग आला बिगूलवाला. रेजिमेंटचा सगळ्यात महत्त्वाचा गडी! त्याने बिगूल वाजवल्याशिवाय घोडी हलत नाहीत. त्याचा उजवा हात म्हणजे वाटाण्याएवढा तुकडा, त्यात मूठ आणि मुठीत बिगूल. मी थेंब लावला, दाबला, धरला, सोडला.

क्लाइव्हनी चष्मा वर केला. मग खाली केला.

"पिपा, हा शेपटीला बिगूल ऐकवतोय."

खरंच! हात उलटा बसला होता. स्वाराचं तोंड पुढे, बिगूल मागे.

"ओढून काढू?"

"अजिबात नाही! मान मोडेल त्याची. फ्रीझरमध्ये ठेव."

मला वाटलं, म्हातारा रागावला आणि आता मला टोमणा मारतोय. पण ही या मंडळींची रीतच आहे. सुपरग्लूला थंडी सोसत नाही. कडक गारठला की तो ठिसूळ होतो आणि मग एका झटक्यात जोड सुटतो. त्यामुळे क्लाइव्हच्या फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या आणि माशांच्या पाकिटांशेजारी एखादा चुकलेला सरदार कायम झोपलेला असतो. बिगूलवाल्याला मी तिथेच निजवला, घरून आणलेल्या विनीच्या कुस्करलेल्या गाजराच्या शेजारी.

आता खरी गंमत ऐका.

मी शेवटच्या घोड्यावर स्वार बसवला होता. ओला गोंद, डाव्या हाताच्या चिमटीत घोडा आणि अंगठा घोड्याच्या पुठ्ठ्यावर. तेवढ्यात विनी जागी झाली आणि भुकेने तिने जो सूर लावला, तो ऐकून बुटांच्या खोक्यांतलं सैन्य शरण आलं असतं!

"ठेव तो घोडा आणि जा तिच्याकडे," क्लाइव्ह म्हणाले.

"आता सोडला तर स्वार वाकडा बसेल. तिलाच आत आणा ना."

"पिपा, तो नियम..."

"मी आहे ना इथे! माझ्या नजरेतून काही सुटत नाही, क्लाइव्ह."

ते गेटपाशी क्षणभर घुटमळले. सून तपासायला आलेली आणि नियम मोडायलाही तीच सांगतेय, यातलं नेमकं काय केलं म्हणजे सोमवार पदरात पडेल, हे त्यांना ठरवता येईना. हे मला आज कळतं. तेव्हा मी घोड्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विनीला उचलून आणलं, टेबलाशेजारी उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, गाजर गरम करून वाटीत घालून दिलं. आणि येताना फ्रीझरमधून बिगूलवाल्यालाही घेऊन आले.

तर असं चित्र होतं. डावं कोपर टेबलावर रोवलेलं, डाव्या हातात घोडा. उजव्या हातात चमचा, चमच्यात गाजर. टेबलावर गोंदाची ट्यूब आडवी पडून तिच्या नाकातून थोडा गोंद गळत होता. तोही मला दिसला होता! पुसू म्हटलं जरा वेळाने. एका हाताने घोडदळ आणि दुसऱ्या हाताने गाजर सांभाळणारी आई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तर स्वतःला मनात पदकसुद्धा देऊन टाकलं.

"झटका द्यायचं काम मात्र माझं," क्लाइव्ह बिगूलवाल्याला चिमट्यात धरत म्हणाले. "माझे हात दिवसभर तेच करतात."

मी हसले. त्यांनी झटका दिला.

टिंग!

आणि बिगूलवाल्याचा उजवा हात हवेत उडाला. टोळासारखा! माझी नजर त्याच्यामागे गेली, चमचा आपल्या वाटेने विनीच्या तोंडात गेला आणि दचकून माझं डावं कोपर उसळून पुन्हा टेबलावर आपटलं. विनीने घास गिळला. मग तिने आमच्याकडे बघून एक समाधानी ढेकर दिली.

शपथेवर सांगते, आम्हा दोघांनाही त्या ढेकरेत बिगूल ऐकू आला!

"गिळला," मी म्हणाले.

"नसेल," क्लाइव्ह म्हणाले. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गिळला! शिसं गिळलं! माझ्या मुलीने शिसं गिळलं!"

मी उठायला गेले तर कोपर कशात तरी अडकल्यासारखं झालं. हिसका देऊन सोडवलं. कोपराला एकदम चटका बसल्यासारखी ऊब लागली, पण काळजीने माझं अंग असंच कुठेही तापतं. मग घोडा खाली ठेवायला गेले, तर घोडा खाली जाईना. हात झटकला. घोडा माझ्याबरोबर झटकला गेला. स्वार जराही वाकडा न होता ऐटीत बसलेला, आणि घोड्याचा पुठ्ठा माझ्या अंगठ्याला कायमचा चिकटलेला!

क्लाइव्हनी खणातून दात तपासायचा आरसा काढला. हात थरथरत होता, पण विनीने तो आरसा घट्ट पकडून आपणच तोंडात घातला, त्यामुळे काम सोपं झालं.

"दोन दात," ते पुटपुटले. "सुंदर दात. बिगूल नाही."

वाटी चाटूनपुसून बघितली. जमीन बघितली. विनीचे कपडे झटकले, खुर्चीचे सांधे तपासले. हात कुठेच नाही! मी उजव्या हाताने वैद्यकीय मदतीचा नंबर लावला.

"काय गिळलंय बाळाने?" पलीकडून एका बाईने शांतपणे विचारलं.

"हात."

"स्वतःचा?"

"नाही हो! बिगूलवाल्याचा. उजवा."



"तो बिगूलवाला आता तिथे आहे का? त्याला रक्त येतंय का?"

"तो शिशाचा आहे! आणि तो माशांच्या पाकिटांशेजारी होता!"

"हे बघ, बदका," ती बाई फारच हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याजवळ दुसरं कुणी मोठं माणूस आहे का?"

क्लाइव्हनी फोन घेतला आणि दंतवैद्याच्या जुन्या भारदस्त आवाजात सगळं नीट सांगितलं. उत्तर आलं, इस्पितळात आणा, एक्स-रे फोटो काढून बघू.

आता नेणार कोण? क्लाइव्हनी गाडी चालवणं सोडलेलं. माझ्या हाताला घोडा. गॅरेथ डर्बीला कामावर. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. स्वार न्यायला मर्व्हिन आला होता, हातात कापूस भरलेलं खोकं घेऊन.

"झाले का माझे फ्रेंच?" त्याने विचारलं.

"मर्व्हिन, गाडी काढ! विनीने बिगूलवाल्याचा हात गिळलाय!"

मर्व्हिनने विनीकडे पाहिलं. मग कॅलेंडरकडे पाहिलं.

"म्हणजे शनिवारच्या आत येईल ना बाहेर?"

मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने गाडीकडे वळला. पण वाटेत, लाल दिव्यापाशी गाडी थांबल्यावर, त्याच्याने राहवेना. "बिगूलवाल्याशिवाय रेजिमेंट चाल कशी करणार, एवढंच माझं म्हणणं आहे," तो आरशात बघून म्हणाला. "आणि नवी रेजिमेंट तशीही पहिल्याच लढाईत पळते. नेहमीचं आहे ते. कितीही सुंदर रंगवा. निदान पळताना बिगूल तरी वाजायला हवा की नको?"

"मर्व्हिन," क्लाइव्ह मागच्या सीटवरून म्हणाले, "हिरवा दिवा लागलाय."

इस्पितळात खिडकीतल्या बाईने आधी माझ्या हातातला घोडा पाहिला आणि मला अंगठ्याच्या विभागाकडे पाठवायला निघाली. रुग्ण मी नाही, हे बाळ आहे, हे तिला पटवताना मी प्रत्येक वाक्याला घोडा नाचवत होते. आणि बाळ म्हणजे काय, क्लाइव्हच्या खांद्यावर बसून सगळ्या रांगेला टाटा करत होतं!

फोटोच्या खोलीत एक ठेंगणी, हसरी बाई होती. तिने मला शिशाचा जाड एप्रन दिला. सकाळपासून मी ज्या शिशाला घाबरत होते, तेच आता माझ्या संरक्षणाला!

"कार्डिगन काढतेस का, बदका?"

"काढता येत नाही. घोडा बाहीतून जात नाही."

तिने प्रयत्न करून पाहिला. जात नव्हता. "मग असू दे. वरूनच घाल एप्रन. घोडा फोटोत येईल, पण तो कुठला ते आपल्याला माहीत आहे." मी विनीला टेबलावर निजवलं आणि ती उलटू नये म्हणून डावा हात तिच्यावर आडवा धरला. विनी मजेत लाथा झाडत होती. खटक.

बाहेरच्या पडद्यावर फोटो उमटला. बाई बोट फिरवत गेली.

"हा घोडा. हा त्याच्यावरचा माणूस. ही बाळाची बरगडी. आणि हा..."

बाळाच्या पोटाच्या बरोबर मधोमध, पांढराशुभ्र, रेखीव, मुठीसकट, बिगूल.

"अरे वा," मर्व्हिन मागून म्हणाला. "किती स्वच्छ साचा आहे!"

बाई म्हणाली, डॉक्टरांना एक बाजूनेही फोटो लागेल, नेमका कुठे आहे ते कळायला. पाच मिनिटं बाहेर बसा.

आम्ही बाकावर बसलो. विनी क्लाइव्हच्या मांडीवर पेंगायला लागली.

"पिपा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारचं राहू दे. मी गॅरेथला सांगतो की मला झेपणार नाही. तुला काही बोलावं लागणार नाही."

"तिला आत आणायला मीच लावलं तुम्हाला."

"मी आणलं ना पण. नियम माझा होता. आणि झटका माझा. हे हात..."

ते थांबले. मी त्या हातांकडे पाहिलं. सकाळपासून मी दुसरं केलं काय होतं? चहाचा कप उचलताना पाहिले, चिमटा धरताना पाहिले, आरसा धरताना पाहिले. प्रत्येक वेळी थरथर मनात टिपून ठेवली. पण आता विनीचं वजन त्या हातांवर होतं, तिचं डोकं त्यांच्या कोपराच्या बेचक्यात होतं, आणि ते हात अगदी गप्प होते. माझा हात मात्र घोड्यासकट लटलटत होता. स्वाराची तलवार बाकाच्या दांडीवर टकटक वाजत होती.

तपासणीत मी कधी असं काही पाहिलं नव्हतं. आपण बागेच्या फाटकात उभे राहून सगळ्या बागेवर नजर फिरवतो. फाटकात कोण उभं आहे, ते बघायची वेळच येत नाही.

"आपण भांडायचं नंतर," मी म्हणाले. "आधी ती बरी होऊ दे."

"आणि बिगूलवाला माझ्या बाजूने लढणार होता," मर्व्हिन बाकाच्या टोकावरून म्हणाला, "त्याचं कुणालाच काही नाही."

बाईने पुन्हा आत बोलावलं. विनी कुशीवर, माझा हात पाठीमागून. खटक. ती पडद्याकडे गेली. मग पडद्याच्या अगदी जवळ गेली. मग तिच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडतेय! इतकं वाईट आहे?

"बदका," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझा बिगूलवाला बाळातून बाहेर पळालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे बाळ. आणि हा बिगूल. बाळाच्या बाहेर, पाठीमागे, हवेत! जरा तो एप्रन काढ. आता डावं कोपर वर कर बघू."

मी कोपर वर केलं. मला अर्थातच दिसेना. स्वतःचं कोपर कुणाला दिसतं? क्लाइव्ह आणि मर्व्हिन दोघेही दारातून आत आले, दोघांनी एकदमच चष्मे चढवले आणि वाकून बघितलं.

माझ्या हिरव्या लोकरीच्या कार्डिगनवर, बरोबर कोपराच्या टोकाला, बिगूलवाल्याचा उजवा हात उभा होता! उडून तो टेबलावरच्या सांडलेल्या गोंदात पडला होता आणि माझं कोपर येऊन त्याच्यावर बसलं होतं. ती चटका बसल्यासारखी ऊब काळजीची नव्हती. गोंद लोकरीला भिडला की तापतो, हे मला क्लाइव्हनी नंतर सांगितलं. आणि पहिल्या फोटोत माझं कोपर विनीच्या पोटावर आलं होतं, एवढाच काय तो घोटाळा!

मी विनीला उचलून तिचे इतके मुके घेतले की ती वैतागून रडायला लागली.

क्लाइव्ह मात्र अजून वाकूनच होते. त्यांनी बोटाने बिगूल हलवून पाहिला. हलेना.

"पिन नाही, भोक नाही, घासणं नाही," ते हळूहळू म्हणाले. "आणि जोड बघ कसा बसलाय! बिगूलही वरच्या बाजूला. पिपा, आजच्या दिवसातलं तुझं हे एकच काम मला पसंत आहे."

मग मी जी हसायला लागले ती थांबेचना. मर्व्हिनसुद्धा हसला, पण त्याआधी त्याने माझ्या कोपराखाली सावधपणे कापसाचं खोकं धरलं होतं.

विनीला इस्पितळवाल्यांनी घरी जायला मोकळं केलं. मला नाही! एका नर्सने माझा अंगठा ॲसिटोनमध्ये बुडवून घोड्यापासून सोडवला. तेवढा वेळ विनी आजोबांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बाळाच्या जागी आईवर उपचार करून परत पाठवायचा प्रसंग आपल्या आयुष्यात पहिलाच, असं ती नर्स म्हणाली. कोपराची लोकर मर्व्हिनने स्वतःच्या हाताने कापली. माझ्या कार्डिगनला भोक पडलं, त्याची त्याला पर्वा नव्हती.

शनिवारी लढाई झाली. मर्व्हिनने बिगूलवाल्याला निळाजांभळा रंगवला, पण बिगुलाला चिकटलेली हिरवी लोकर काही निघेना. शेवटी ती मानाची दोरी आहे असं सांगून त्याने वेळ मारून नेली. नव्या रेजिमेंटच्या रीतीप्रमाणे सगळे स्वार पहिल्याच तोफेला पळाले. बिगूलवाला सगळ्यांच्या पुढे होता म्हणे.

आणि सोमवारी सकाळी मी विनीला घेऊन क्लाइव्हच्या दारात उभी राहिले. सोमवारचं काय, हे आमच्यात पुन्हा कुणी बोललंच नव्हतं. मी नुसती तिची पिशवी पुढे केली. त्यांनी विनीला घेतलं, पिशवी घेतली, आणि हात पाठीमागे न्यायचं त्या दिवशी ते विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा, हात मोकळेच नव्हते!

निघताना सवयीने मी सैनिकांच्या खोलीत डोकावायला गेले. क्लाइव्हनी पायाने गेट ढकलून माझ्या तोंडासमोर बंद केलं.

"अहो, विनी तर तुमच्या कडेवर आहे!"

"विनीसाठी नाहीच ते आता," ते म्हणाले. "तुझ्यासाठी आहे."

मी ते धरून गदागदा हलवलं. जागचं हललं नाही. अगदी पक्कं काम! मुलांना उघडता येऊ नये म्हणून त्याची कडी म्हणे लपवलेली असते. विनीने आजोबांच्या कडेवरून हात घालून ती खट्कन उघडून दाखवली. मला मात्र ती अजून सापडलेली नाही.